तिसऱ्या पुस्तकाचे दोन शेवट

कडूबाआप्पांना मनात वाचता येत नाही. अक्षर डोळ्यांत शिरलं की ते तोंडावाटे बाहेर पडलंच पाहिजे, आणि तेही शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्यांच्याबरोबर एसटीने भोकरदनला निघालात, तर वाटेतल्या सगळ्या पाट्या, दुकानांची नावं, ट्रकमागचे शेर आणि ‘खिडकीतून हात बाहेर काढू नये’ हे सगळं तुम्हाला ऐकावं लागतं. न्हाव्याच्या दुकानात त्यांच्या हाती पेपर लागला, की अर्धी दाढी झालेला माणूसही बातमी संपेपर्यंत उठत नाही.

एकदा गावातल्या एका तरुण मास्तराने त्यांच्या हातात एक चिठ्ठी ठेवली आणि हळूच विचारलं, “आप्पा, हे अक्षर कुणाचं असेल हो?” अक्षर ओळखता ओळखता आप्पांनी अख्खी चिठ्ठी पारावर वाचून काढली. मास्तराचं लग्न पुढे त्याच मुलीशी झालं. दुसरा मार्गच उरला नव्हता.

यात आप्पांचा दोष म्हणावा तर तसा काही नाही. उभी नोकरी त्यांनी ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून काढली. दवंडी द्यायची, नोटिसा चौकात उभं राहून वाचायच्या, हे त्यांचं काम. पुढे भोंगा आला, मग मोबाइल आला, आप्पा निवृत्त झाले. गळा मात्र कामावरच राहिला. आणि त्या गळ्याला एक तत्त्व होतं. “लिहिलंय तेच वाचून राह्यलो, माझ्या पदरचं काहीच न्हाई,” असं म्हटल्याशिवाय ते सुरुवात करत नसत. अतिक्रमणांची यादी निघाली, तिच्यात तिसरं नाव खुद्द त्यांचंच होतं. आप्पांनी तीन चौकांत तीनदा स्वतःचं नाव खणखणीत वाचलं, आणि घरी जाऊन स्वतःच ओटा फोडायला घेतला.

माझा आणि त्यांचा संबंध आला तो मिरचीमुळे. मी मूळचा मंठ्याचा, बियाणं कंपनीत फील्डमन. आमची कंपनी धावड्याच्या शिवारात शेडनेटमध्ये मिरचीचं आणि टमाट्याचं संकरित बी तयार करून घेते. हे काम फार किचकट. कळी उमलायच्या आत चिमट्याने तिच्यातले नर काढायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीचे पराग लावायचे आणि झालेल्या फुलाला लाल दोरा बांधायचा. याला इकडे सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. एखादी कळी नजरेतून सुटली तर फूल आपलंआपणच फळतं, ते बी भेसळीचं निघतं, आणि मग कंपनी माझ्याकडे बघते. हे सगळं काम बाया करतात, कारण पुरुषांना तेवढा धीर नसतो.

प्लॉटचे मालक सुदामराव. त्यांनी नेटमध्ये मोबाइलला बंदी घातली होती, कारण एक डोळा व्हिडिओत असला की कळ्या सुटतात. पण मोबाइल गेला आणि बायांना पेंग यायला लागली. अशात एक दिवस कडूबाआप्पा सहज आले, औषधाच्या डब्यावर बसले आणि त्याच डब्यावरचं माहितीपत्रक वाचायला लागले. ‘फवारणी करताना तोंडास फडके बांधावे, रिकामे डबे विहिरीत टाकू नयेत.’ मी पाहिलं तर बायांचे हात दुपटीने चालत होते. सुदामरावांनी दुसऱ्या दिवसापासून आप्पांना चहा आणि खुर्ची सुरू केली.

पेपर तासाभरात संपायचा. मग आप्पांनी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं. तीन भागांच्या एका अद्भुत कादंबरीचा तो पहिला भाग होता. तारिणी नावाची मिठागरातली मुलगी, तिच्याजवळ आग ओकणारा, पंखांचा एक महाकाय प्राणी, आणि समोर कृष्णकेतू नावाचा जादूगार, ज्याने अख्खा समुद्र एका डोंगराआड कुलपात घातलेला. प्राण्याचं पुस्तकातलं नाव होतं ‘ज्वालक’. बायांनी तिसऱ्या पानावरच त्याचा ‘जाळ्या’ केला, आणि मग तो त्यांच्या गोठ्यातलाच झाला. जाळ्याला भूक लागली की यांच्या भाकरी उतरत नसत.

आप्पा सकाळी मिरचीच्या नेटमध्ये वाचायचे आणि तोच भाग दुपारी टमाट्याच्या नेटमध्ये. एकही अक्षर सोडायचे नाहीत. पुस्तकाची किंमत, छापखान्याचा पत्ता, ‘सर्व हक्क सुरक्षित’, सगळं. पान उलटलं की पानाचा नंबर. “तलवार उपसून तारिणी गरजली, पान नंबर एकशे बारा, थांब कृष्णकेतू!” छपाईच्या चुकाही ते इमानाने वाचत. एका पानावर ‘राजा’च्या जागी ‘रजा’ छापलं होतं, तर रजा सिंहासनावर बसली आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

दोन भाग एका हंगामात संपले. दुसऱ्याच्या शेवटी जाळ्या जखमी होऊन डोंगराच्या दारात पडलेला, आणि तिसरा भाग अजून छापूनच झाला नव्हता. बायांनी मला बोल लावायला सुरुवात केली. जणू ते पुस्तक कंपनीच छापते. मधल्या पावसाळ्यात आप्पांच्या घरच्या, गयाबाई, आजाराने गेल्या. आप्पा महिनाभर कुठे दिसले नाहीत. नंतर दिसले ते वाळून अर्धे झालेले, पण दुकानाची पाटी वाचतच येत होते, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

पुढच्या थंडीत तिसरा भाग निघाला. मी संभाजीनगरहून तो आणून आप्पांच्या हातात दिला, तेव्हा ते कव्हर तेवढं वाचून गप्प झाले. आप्पा गप्प होणं ही मोठीच गोष्ट होती, पण मी घाईत होतो.

तिसऱ्या भागाबद्दल पहिल्या आठवड्यापासून मतं फुटली. मिरचीच्या नेटच्या मुकादम शांताबाई. आवाज करडा, तंबाखूची मिश्री, आणि कुठल्याही गोष्टीवर पहिलं मत त्यांचं. त्या म्हणाल्या, “शंभर पानं झाली, हे नुसते चालूनच राह्यले. येवढ्यात आमी धावड्यावरून जालन्याला जाऊन आलो असतो.” दुसरी म्हणाली, “नवे मान्सं किती आनले! जुन्यायचंच अजून काही निपटलं न्हाई.” तारिणीचं तिच्याबरोबर निघालेल्या सेनापतीशी लग्न लागणार की नाही, यावर तर दोन दिवस गेले. टमाट्याच्या नेटमधली सिंधू, बारावी होऊन सासरी आलेली, तिला मात्र हाच भाग सगळ्यात आवडला होता. “मला तर त्यायचं चालनं आवडून राह्यलं,” ती म्हणायची. “लढाई काय, सगळेच लिहितेत.” तिच्या नेटमधल्या निम्म्या बाया तिच्या बाजूने, निम्म्या विरुद्ध. मी फील्डमन, मला पुस्तकातलं काय कळतं. पण माझ्या लक्षात आलं की मीही डायरी घेऊन विनाकारण नेटमध्ये रेंगाळायला लागलोय.

मग एका सोमवारी आप्पांनी सकाळी मिरचीत आणि दुपारी टमाट्यात शेवटचं प्रकरण संपवलं, आणि मंगळवारी आठवडी बाजारात बांगड्यांच्या दुकानापुढे रण माजलं.

मिरचीवाल्या तिघीजणी बांगड्या भरता भरता जाळ्यासाठी हळहळत होत्या. त्याने शेवटची आग कुलपावर ओतली, कुलूप वितळलं, समुद्र सुटला, आणि जाळ्याने तिथंच दारात मान टाकली. पलीकडून टमाट्याच्या नेटमधली एक म्हणाली, “अवो, मेला कुठं? जाळ्या तं तारिणीला पाठीवर घेऊन समुद्रात गेल्ता.”

“कोन म्हनलं?”

“आप्पानं वाचलं!”

“आमालाबी आप्पानंच वाचलं! म्या सोता रडले!”

पुढचं सविस्तर सांगत नाही. शांताबाईंनी टमाटेवाल्यांना ‘बहिऱ्या’ म्हटलं, त्यांनी मिरचीवाल्यांना ‘अपशकुनी’ म्हटलं, आणि काकणवाल्याने दुकान आवरतं घेतलं. बुधवारी दोन्ही नेटच्या मधल्या बांधावर बाया समोरासमोर उभ्या. आत कळ्या भराभर उमलत होत्या. फुलं काही निकाल लागेपर्यंत थांबत नसतात. मी दोन्हीकडे हात जोडत फिरत होतो, आणि सुदामराव कपाळाला हात लावून बसले होते.

दोन्ही बाजूंनी आप्पांना बोलावणं गेलं. आप्पा आले, खाली मान घालून उभे राहिले. शांताबाई म्हणाल्या, “आप्पा, तुमी एक अक्षर इकडचं तिकडं करत न्हाई, साऱ्या गावाला ठाव हाये. मंग सांगा, जाळ्या मेला का जगला?”

आप्पा पायाच्या अंगठ्याने बांधाची माती उकरत राहिले. मग सुदामराव उठले. “आप्पा, मला पुस्तकाचं घेनं-देनं न्हाई. उद्या सकाळी क्रॉसिंग झाल्यावर सगळ्यायसमोर शेवट वाचा. निकाल लागला तं बराबर, न्हाई तं उद्यापासून वाचन बिलकुल बंद. माझा प्लॉट चालला.”

वाचन बंद म्हटल्यावर आप्पांचा चेहरा असा उतरला की मला तो बघवेना. गावात आता नोटिसा कुणी ऐकत नाही, घरात माणूस नाही. त्या माणसाचं म्हणणं कान देऊन ऐकलं जायचं ते फक्त या दोन नेटमध्ये.

मी गाडीला किक मारत होतो तर सिंधू मागून आली. “साहेब, एक सांगू? शेवटच्या प्रकरनात आप्पानं पानाचे नंबरच म्हनले न्हाईत.”

मी थबकलो. सोमवारी मीही टमाट्याच्या नेटमध्ये होतो, आणि खरंच एकही नंबर ऐकल्याचं आठवत नव्हतं. मी तसाच आप्पांच्या घरी गेलो. ऊन कलायला लागलं होतं. आप्पा दारात बसले होते आणि पुस्तक मांडीवर होतं. मी विचारायच्या आधीच त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

शेवटचं अख्खं प्रकरण लाल दोऱ्याने शिवलेलं होतं. आमचाच दोरा, क्रॉसिंगचा. आमच्याकडे लाल दोरा बांधलेल्या फुलाला पुन्हा कुणी हात लावत नाही.

“म्या वाचलंच न्हाई, साहेब,” आप्पा म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. “पहिले दोन भाग इथं गयालाबी वाचून दाखवत व्हतो. नेटमधून आलो की तिचं सुरू, जल्दी वाचा. मंग ती आजारी पडली. तिसरं आलंच न्हाई. रोज इचारायची, आलं का? न्हाई म्हनलं की सोताच शेवट सांगायची. अंग दुखत असलं की म्हनायची, जाळ्या मरतो पाहा, जनावर इमानी असलं की आधी जातं. आन् एखाद्या दिवशी दोन घास गेले, जरा बरं वाटलं, की म्हनायची, न्हाई वो, जाळ्या समुद्र पाह्यल्याशिवाय कसा मरल?”

मी त्यांच्याजवळ दारातच टेकलो.

“मिरचीवाल्यायला तिचा एक शेवट सांगितला, टमाटेवाल्यायला दुसरा. कोनता खरा म्हनू? दोन्ही तिचेच. माझ्या पदरचं त्याच्यात काहीच न्हाई.” त्यांनी पुस्तकाच्या कव्हरवरून हात फिरवला. “हे वाचून संपवलं, म्हंजे मंग तिचं इचारनंबी संपलं, साहेब.”

मी एवढंच म्हणालो, “आप्पा, उद्या सगळ्यांना हे सांगा. बाया आहेत, समजतील.” आप्पांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. खरं सांगायचं तर बाया समजतील याची मलाही खात्री नव्हती. शांताबाईंना मी ओळखत होतो.

गुरुवारी सकाळी जेवढं झटपट आणि चोख क्रॉसिंग झालं, तेवढं मी उभ्या नोकरीत पाहिलेलं नाही. एक कळी सुटली नाही. पन्नासेक बाया बांधावर येऊन बसल्या, डावीकडे मिरची, उजवीकडे टमाटे, मध्ये माणूस जाईल एवढी वाट. सुदामराव खुर्ची घेऊन आले. आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता. पुस्तक छातीशी धरून ते उभे राहिले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. दवंडीच्या आवाजात सांगितलं, काही लपवलं नाही. “म्या तुमाला पुस्तकाचा शेवट वाचून दाखवला न्हाई. म्या तुमाला गयाचं बोलनं सांगितलं. एकीकडं एक, दुसरीकडं दुसरं. माझं चुकलं.”

सगळ्यांच्या नजरा शांताबाईंकडे. शांताबाईंनी पदराने तोंड पुसलं.

“चुकलं तं चुकलं,” त्या म्हणाल्या. “आता वाचा. पुस्तकात काय लिहिलंय ते तं कळू द्या आमाला.”

आप्पांनी एकीचा चिमटा मागून घेतला आणि टाका टाका उसवत दोरा काढला. प्रकरणाचं नाव वाचलं. पानाचा नंबर वाचला. ‘तारिणीने डोंगराच्या दारावर हात ठेवला’ हे वाक्य वाचलं, आणि तो गळा, जो पाऊस-वाऱ्यात कधी थांबला नव्हता, तो थांबला. त्यांनी दोनदा खाकरून पाहिलं. ओठ हलले, पण आवाज काही निघाला नाही.

सिंधू उठली. “द्या, आप्पा. म्या वाचते. तुमी बसा.”

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग पुस्तक तिच्या हातात देऊन टमाटेवाल्यांच्या रांगेत, सिंधूच्याच रिकाम्या जागेवर, मांडी घालून बसले. सिंधू पहिली दोन पानं अडखळली. पाठीमागून कुणीतरी “दमानं, पोरी,” म्हणालं. तिसऱ्या पानाला तिचा आवाज मोकळा झाला, आणि मग जे काय तिने वाचलं! कृष्णकेतू पडला तेव्हा बांधावर शिट्टी वाजली. ती सुदामरावांनी वाजवली होती, पण ते अजून कबूल करत नाहीत. कुलूप तुटलं. समुद्र आला. जाळ्या जखमी पंखांनी उठला, तारिणीच्या डोक्यावरून एक घिरटी घातली आणि पाण्यावरून दूर निघून गेला. तारिणी काठावर उभी राहून बघत राहिली. संपलं.

“पुढं?” शांताबाई म्हणाल्या.

“संपलं, मावशी. येवढंच हाये.”

“म्हंजे? वापस आला का न्हाई? जगला का मेला?”

“लिहिलेलंच न्हाई.”

मग जो गलका उठला तो मी जन्मात विसरणार नाही, पण मंगळवारचा गलका वेगळा आणि हा वेगळा. आता मिरची आणि टमाटे अशा बाजूच उरल्या नव्हत्या. एक म्हणत होती, एवढं ऐकून घेतलं आणि लेखकाने काम अर्धवट सोडलं. दुसरी म्हणत होती, न्हाई गं, मोकळं सोडलं तेच बराबर, जनावर काय जन्मभर बांधून ठेवायचं? तिसरीला लग्न राहिल्याचा राग होता. कुणी रडत होत्या, कुणी हसत होत्या, आणि मधली ती वाट कधी भरून गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही मोठ्याने मत देत होतो. शेवट मला फार आवडला होता, आणि हे मी शांताबाईंना तोंडावर सांगितलं. धाडसच ते.

आप्पा मात्र तसेच मांडी घालून बसले होते. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं. सिंधू त्यांच्याजवळ टेकली. “आप्पा, बराबर वाचलं का म्या?”

“लई चांगलं वाचलं, पोरी,” ते म्हणाले. “मला आजपावतर कुनी वाचूनच दाखवलं नव्हतं.”

शांताबाईंनी हे ऐकलं. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, आणि त्या गप्प करतात तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू येते.

“ऐका गं. पुस्तकवाल्यानं तं काही सांगितलंच न्हाई. मंग ज्यायला सांगता येत व्हतं त्यायचं ऐकू. आप्पा, उठा. गयाबाईचे दोन्ही शेवट सांगा. आमी एकच ऐकला, ह्यायनी दुसरा. आता सगळ्यायला मिळून सांगा. आन् तिचं नाव घेऊन सांगा, पुस्तकाचं न्हाई.”

आप्पा उठले. पुस्तक सिंधूकडेच होतं, तेव्हा आपल्या रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना समजेना; शेवटी ते त्यांनी पाठीमागे बांधले. लिहिलेलं काही समोर नसताना हा माणूस काय बोलणार, असं मला वाटलं. आणि त्यांनी सांगितलं. दुखत्या दिवसाचा शेवट सांगितला, बऱ्या दिवसाचा सांगितला. गया कुठं थांबायची, कुठं उशी मागायची, जाळ्या समुद्रात शिरल्यावर कशी हसायची, तेही सांगितलं. ज्या बाईने उभ्या जन्मात चारचौघांत तोंड उघडलं नाही, असं गाव म्हणायचं, तिचं बोलणं पन्नास बाया हातातलं काम ठेवून ऐकत होत्या. मीही ऐकत होतो, आणि मला अभिमान वाटत होता, कशाचा ते विचारू नका.

सांगून झालं. आप्पा आता खाली बसणार, तर शांताबाईंनी सरकून त्यांना आपल्याजवळ जागा केली.

“आप्पा,” त्या म्हणाल्या, “गयाबाई अजून काय काय म्हनायची?”

आप्पा त्या जागेवर बसले, सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं, आणि सांगायला लागले.